धर्मवार क्रिकेट व जातिभेद : एका ग्रंथाचे परीक्षण

श्री. रामचंद्र गुहा ह्यांचा 'अ कॉर्नर ऑफ अ फॉरेन फील्ड' हा इंग्रजी ग्रंथ २००२ साली प्रसिद्ध झाला. क्रिकेटच्या निमित्ताने लिहिलेला हा समाजाचाच इतिहास होय. पळवणकर बंधूंस इतिहासात त्यांचे स्थान मिळवून दिल्याबद्दल ग्रंथकर्त्याचे ऋण मान्य केले पाहिजे. तथापि मांडणीविषयी एक शंका नमूद करणे अवश्य वाटते.

ग्रंथाचे वंश, जाति, धर्म व राष्ट्र असे चार विभाग पाडले आहेत. वाचनास हे सोयीचे खरे. परंतु मुंबईच्या सामन्यांत ह्या गोष्टी परस्परांपासून निराळ्या नव्हत्या. युरोपियन व पारशी ह्यांच्या सामन्यांत १९०७ साली हिंदु व १९१२ साली मुसलमान संघ आला. १९३७ पासून 'इतरां'चा पाचवा संघ झाला. संघ ठरे धर्मावरून. हिंदु संघास युरोपियनांवर जय हवा होता, आणि त्याचे उत्तम गोलंदाज बाळू पळवणकर हे चर्मकार जातीत जन्मलेले होते. म्हणजे ज्या धर्माभिमानाने पारशी व मुसलमान ह्यांस परके ठरविले, त्यानेच जातीची वेस किंचित् उघडली. हा कार्यकारणभाव विभागणीमुळे झाकला जातो.

किंचित् म्हणण्याचे कारण असे. पुण्यास बाळूंच्या हातचा चेंडू सर्वांस चाले. चहा मात्र त्यांस पॅव्हिलियनबाहेर मातीच्या भांड्यात मिळे. १९११ च्या इंग्लंडच्या दौऱ्यात त्यांनी ११४ बळी घेतले, तरी हिंदु संघाचे नायकपद त्यांस कधीच दिले गेले नाही. १९२० साली त्यांचे बंधू शिवराम व विठ्ठल निषेधार्थ संघाबाहेर राहिले, तेव्हा अंतिम सामन्यास बाळूंस उपनायक नेमण्यात आले. विठ्ठल नायक झाले ते १९२३ साली. सहवासाने समता आपोआप आली नाही. ती झगडून घ्यावी लागली. विठ्ठलांचे 'माझे क्रीडा-जीवन' (१९४८) मराठी अभ्यासकांनी ह्या दृष्टीने मुळातून वाचावे.

आयर्लंडातील उदाहरण येथे बोधप्रद आहे. १८८४ साली स्थापन झालेल्या गेलिक क्रीडासंघाने धर्मावरून संघ पाडले नाहीत. फुटबॉलच्या चषकास सॅम मॅग्वायर ह्या प्रॉटेस्टंटाचे नाव आहे. तरी ब्रिटिश सैनिक व उत्तरेकडील पोलीस ह्यांस मज्जाव करणारा नियम २००१ पर्यंत होता, व त्या पोलिसांत प्रॉटेस्टंट बहुसंख्य होते. नियमात दार मोकळे असणे व व्यवहारात ते सर्वांस मोकळे असणे ह्यांत अंतर असते.

महात्मा गांधींनी १९४० साली धर्मवार सामन्यांविरुद्ध मत दिले. १९४६ मध्ये ते बंद पडले. ह्याच सामन्यांत, १९४४ साली, सोलापुरात बालपण गेलेले पॉली उम्रीगर पारशी संघाकडून प्रथम खेळले, व १९५५ साली भारताचे नायक झाले. म्हणून त्या पद्धतीचा केवळ धिक्कार करणे अथवा केवळ गुण गाणे, दोन्ही अपुरी होत. कोणास खेळू दिले एवढे लिहून इतिहासकाराने थांबू नये; पंगतीस कोणास बसविले व नायक कोणास केले, हेही त्याने विचारले पाहिजे.