मध्ययुगीन अथेन्सचा ऱ्हास : एका साक्षीची भाषिक तपासणी

अथेन्सचा इतिहास सांगण्याची एक रूढ पद्धत आहे. पेरिक्लीसच्या काळातील वैभव, इ. स. ५२९ मध्ये जस्टिनियनच्या आज्ञेने बंद पडलेले तत्त्वज्ञानाचे अध्यापन, त्यानंतर तेरा शतकांचा अंधार आणि १८३४ मध्ये स्वतंत्र ग्रीसची राजधानी म्हणून झालेला पुनर्जन्म, असे तिचे टप्पे असतात. ह्यांपैकी मधल्या कालखंडाचा विस्तृत परामर्श घेण्याचे मोठे कार्य फेर्डिनांड ग्रेगोरोव्हिउस (१८२१–१८९१) ह्या जर्मन इतिहासकाराने केले. रोमच्या मध्ययुगीन इतिहासाचे आठ खंड पूर्ण केल्यावर त्याने १८८९ मध्ये अथेन्सच्या मध्ययुगीन इतिहासाचे दोन खंड प्रसिद्ध केले.

ह्या ग्रंथाचे एक श्रेय निःसंशय मान्य केले पाहिजे. १८३५ मध्ये फाल्मेरायर ह्याने असे प्रतिपादन केले होते, की स्लाव टोळ्यांच्या आक्रमणानंतर अथेन्स सुमारे चारशे वर्षे ओसाड होते. ग्रेगोरोव्हिउसने हे मत अमान्य केले. त्याविरुद्धचा पुरावा भक्कम आहे. सम्राट दुसरा कॉन्स्टान्स ह्याने ६६२–६३ चा हिवाळा अथेन्समध्ये काढला. ७९७ ते ८०२ ह्या काळात कॉन्स्टँटिनोपलच्या सिंहासनावर असलेली आयरीन ही अथेन्सचीच कन्या होय. बल्गेरियावरील विजयानंतर, १०१८ मध्ये, सम्राट दुसरा बेसिल कृतज्ञतापूर्वक पार्थेनॉनमध्ये आला. पार्थेनॉन त्या काळी मेरीमातेचे चर्च होते. त्याच्या खांबांवर कोरलेले दोनशेहून अधिक ख्रिस्ती लेख ओर्लांडोस व व्रानूसिस ह्यांनी १९७३ मध्ये संपादित केले. ओसाड नगरात असे लेख कोरले जात नाहीत.

नगर ओसाड नव्हते हे सिद्ध झाल्यावरही ऱ्हासाचे चित्र मात्र कायम राहते. बाराव्या शतकापुरते ते मुख्यतः एकाच साक्षीदारावर आधारलेले आहे. मिखाइल कोनियातेस हा सुमारे ११८२ पासून १२०४ पर्यंत अथेन्सचा महाधर्माध्यक्ष होता. होमरचा विख्यात भाष्यकार युस्टाथियस हा त्याचा गुरू. कोनियातेसचे लेखन लाम्ब्रोस ह्याने १८७९–८० मध्ये दोन खंडांत प्रसिद्ध केले आणि इतिहासकारांना एक बोलका साक्षीदार लाभला. त्याच्या दोन तक्रारी विशेष प्रसिद्ध आहेत. पदग्रहणप्रसंगीचे आपले भाषण श्रोत्यांना कळले नाही, ही पहिली. अथेन्समध्ये दीर्घकाळ राहून आपण स्वतःच रानटी झालो, ही दुसरी. ह्या दोन्हींवरून अथेन्सवासीयांची भाषा व बुद्धी लयास गेली होती, असा निष्कर्ष काढला जातो. तो टिकणारा नाही.

दुसऱ्या तक्रारीचा उगम अनुभवात शोधण्यापूर्वी ग्रंथात शोधला पाहिजे. परक्यांत दीर्घकाळ राहिल्याने माणूस परका होतो, ही कल्पना युरिपिडीसच्या ‘ओरेस्टीस’ नाटकातील आहे. तियानाचा अपोलोनियस ह्याच्या नावावर असलेल्या एका पत्रात ती उलटी करून खुद्द ग्रीसलाच लावलेली आढळते. कोनियातेसने ‘अथेन्स’ हे नाव योजून त्याच कल्पनेला नवी धार दिली. पत्र वाचणाऱ्या विद्वान मित्राला मूळ ओळ आठवावी आणि त्याने स्मित करावे, अशी ही योजना आहे. तिला लोकस्थितीची नोंद मानणे म्हणजे अलंकाराला अहवाल समजणे होय.

पहिली तक्रार अधिक महत्त्वाची आहे. कोनियातेस ज्या भाषेत बोलला, ती दीड हजार वर्षांपूर्वीच्या अॅटिक गद्याच्या अनुकरणाने घडविलेली होती. लोकांच्या बोलण्यातून इच्छार्थक क्रियारूपे केव्हाच गेली होती, चतुर्थी विभक्ती लोपत होती, आणि भाववाचक क्रियारूपांची जागा ‘ना’ ह्या अव्ययाने सुरू होणारी उपवाक्ये घेत होती. असे भाषण कॉन्स्टँटिनोपलच्या बाजारातील माणसालाही कळले नसते. चार्ल्स फर्ग्युसन ह्याने १९५९ मध्ये ‘डायग्लॉसिया’ ही संज्ञा रूढ केली, तेव्हा त्याच्या चार उदाहरणांत ग्रीक होती. एकाच समाजात औपचारिक व्यवहाराची प्रतिष्ठित भाषा आणि घरगुती बोली ह्यांत कायमचे अंतर असणे, हा तिचा अर्थ. श्रोत्यांचे न समजणे हे त्या अंतराचे माप आहे. अथेन्सच्या पतनाचे नव्हे.

कोनियातेसच्या सर्वच तक्रारी ह्या न्यायाने निकालात काढता येणार नाहीत. कर, अधिकारी व चाचे ह्यांच्या उपद्रवाविषयी त्याने लिहिले आहे, आणि सुमारे ११९८ मध्ये सम्राट तिसरा अलेक्सिओस ह्याला निवेदनही पाठविले. तेथे ठोस गाऱ्हाणी आहेत. परंतु पिळवणूक आणि सांस्कृतिक मृत्यू ह्या एक गोष्टी नव्हेत. अकराव्या शतकातील काप्निकारेआ चर्च किंवा शहराबाहेरील दाफ्नी मठातील सुमारे ११०० ची कुट्टिमचित्रे मृत नगराची साक्ष देत नाहीत. अँथनी काल्डेलिस ह्यांनी २००९ मधील ग्रंथात पार्थेनॉनचे बिझंटाईन तीर्थक्षेत्र म्हणून असलेले महत्त्व दाखविले, तेही ह्याच दिशेने जाणारे आहे.

हा वाद केवळ ग्रंथालयातला नाही. मधली शतके हा मळ आहे असे एकदा मानले, की तो धुऊन काढणे कर्तव्य ठरते. १८३४ मध्ये लिओ फोन क्लेन्झे ह्याने अक्रोपोलिसवरील उत्तरकालीन बांधकामे हटविण्याचे धोरण आखले. पार्थेनॉनमधील मशीद १८४० च्या दशकात गेली आणि १८७५ मध्ये श्लीमानच्या पैशाने फ्रँकिश मनोरा पाडण्यात आला. भाषेतही तेच घडले. तुर्की शब्द गाळून आणि जुनी रूपे परत आणून ‘काथारेव्हूसा’ म्हणजे शुद्ध होत जाणारी भाषा राज्यव्यवहारात प्रस्थापित झाली. १९०१ मध्ये बायबलमधील शुभवर्तमानाचे लोकभाषेतील भाषांतर ‘अक्रोपोलिस’ ह्या दैनिकात येताच अथेन्समध्ये दंगल उसळली आणि आठजण प्राणास मुकले. १९११ च्या संविधानाने शासकीय भाषेला संरक्षण दिले. लोकभाषेला शिक्षणात व शासनात पूर्ण मान्यता मिळाली ती १९७६ मध्ये. मनोरा मात्र परत उभा राहिला नाही.

ग्रेगोरोव्हिउसच्या ग्रंथाचे मोल ह्यामुळे उणे होत नाही. त्याच्या साधनांचे पुनर्वाचन तेवढे आवश्यक ठरते. एखाद्या नगराविषयी साक्षीदार काय म्हणतो हे टिपण्यापूर्वी तो कोणत्या भाषास्तरावरून आणि कोणासाठी म्हणतो हे ठरविले पाहिजे. पदग्रहणाच्या दिवशी पार्थेनॉनमध्ये दोन पक्ष होते. त्यांपैकी एकाचेच म्हणणे लिहिले गेले. भाषण न समजलेल्या त्या श्रोत्यांचीच बोली पुढे ग्रीसची भाषा झाली.