एकशेसहाव्या कार्डाचे मोल

पोस्टाची तिकिटे किंवा काड्यापेट्यांवरचे छाप जमविणाऱ्या मुलाकडे आपण कौतुकाने पाहतो. पण त्याच्या छंदात अभिरुचीचा काही प्रश्न असेल, असे आपल्या मनातही येत नाही. मला मात्र वाटते की, कोणती वस्तू जपावी आणि तिच्यात काय पाहावे, हे ठरविणारा संग्राहक एका अर्थी टीकाकारच असतो. मग त्याचा निवाडाही तपासून पाहावयास हवा. त्यासाठी मी अमेरिकेतील बेसबॉल-कार्डांचा, आणि त्यातही पोस्टाने मागवून मिळालेल्या कार्डांचा दाखला घेतो.

क्रिकेटवर आपला जीव, तसा अमेरिकनांचा बेसबॉलवर. खेळाडूंची रंगीत चित्रे छापून ती सिगारेटच्या पाकिटांत घालण्याची युक्ती तिथल्या व्यापाऱ्यांनी एकोणिसाव्या शतकातच काढली. पुढे पाकिटात फक्त कुपन ठेवावे आणि कुपने धाडणाऱ्यालाच चित्र द्यावे, अशी शक्कल निघाली. १९११ च्या सुमारास 'टर्की रेड' सिगारेटची १० कुपने पाठविली की एका खेळाडूचे मोठे चित्र घरी येई. पावणेसहा इंच रुंद, आठ इंच उंच, आणि कडेने करडी चौकट. निव्वळ चित्र म्हणून या साऱ्या प्रकारात याहून देखणे काही माझ्या पाहण्यात नाही. तंबाखूच्या धंद्याने घडविलेली ही कला आहे, हे विसरू नये. पण कला आहे, हेही नाकारू नये.

'क्रॅकर जॅक' ही मक्याच्या लाह्या, शेंगदाणे आणि पाक यांची मिठाई. १९१४ साली तिच्या डब्यांतून १४४ कार्डे निघाली, आणि ती पाकाने डागाळली. १९१५ साली १७६ कार्डांचा अख्खा संच पोस्टानेही मिळू लागला. १०० कुपने, किंवा एक कुपन आणि २५ सेंट! ही कार्डे लाह्यांना शिवलीच नाहीत, म्हणून स्वच्छ राहिली. आजचा संग्राहक अशाच निष्कलंक कार्डांवर जीव टाकतो. म्हणजे ज्या कार्डाला मुलाची चिकट बोटे लागली ते हलके, आणि ज्याला ती लागली नाहीत ते भारी! इथेच मला त्याच्या अभिरुचीची शंका येऊ लागते.

ती शंका पक्की होते बोस्टनच्या गाउडी गम कंपनीच्या कार्डापाशी. १९३३ साली या कंपनीने एका सेंटला च्युइंगमची कांडी आणि सोबत एक कार्ड विकावयास आरंभ केला. साल मंदीचे, दर चार कामगारांत जवळपास एक बेकार. अशा घरातील मुलाचा सेंट म्हणजे काय, हे सांगावयास नको. संच २४० क्रमांकांचा. बेब रूथची तर त्यात चार-चार कार्डे. पण १०६ क्रमांकाचे एकही नाही! कंपनीने ते छापलेच नव्हते. मुले पाकीट फोडीत राहिली, आणि न निघणारे कार्ड शोधीत राहिली.

शेवटी तक्रारीची पत्रे गेली. तेव्हा १९३४ साली कंपनीने ते कार्ड छापले आणि पत्र लिहिणाऱ्यांना पोस्टाने धाडले. त्यावर चित्र नॅपोलियन लाज्वे याचे. १९०१ साली ०.४२६ ची फलंदाजीची सरासरी राखणारा, आणि ज्याच्या नावावरून क्लीव्हलंडचा संघ काही वर्षे 'नॅप्स' म्हणविला जाई, असा हा मोठा खेळाडू. पण मैदान सोडून त्याला पंधरा-सोळा वर्षे लोटलेली. पत्राला ते कार्ड क्लिपने अडकविलेले असे. म्हणून आजही त्याच्या अनेक प्रतींवर क्लिपचा वळ दिसतो.

आता बाजाराचा न्याय पाहा. कार्डांची प्रत ठरविणाऱ्या संस्था १ ते १० गुण देतात, आणि क्लिपचा वळ म्हणजे दोष, गुण कमी. मला हा न्याय मान्य नाही. कोपरा दुमडणे हा अपघात. क्लिपचा वळ ही साक्ष आहे. एका मुलाने आपली फसवणूक ओळखली, पत्र लिहिले, आणि मोठ्या माणसांच्या कंपनीला उत्तर द्यावे लागले, ही सारी हकीकत त्या बारीक रेषेत आहे. ती रेषा नसलेले कार्ड अधिक सुंदर असेल. पण तेवढे बोलके नाही.

यावर कोणी म्हणेल, स्वच्छतेचा हा हट्ट नसता, तर ही कार्डे केव्हाच रद्दीत गेली असती. ते खरे आहे. संग्राहकाच्या काटेकोरपणाचे ऋण मी मानतो. परंतु जपणे आणि वाचणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. हस्तलिखित जपणारा त्याच्या समासातील टिपणे खोडून टाकीत नाही; उलट, त्यांवरूनच ते कोणाच्या हातांतून गेले, ते शोधतो.

आजच्या पाकिटांतही कधी कार्डाऐवजी नुसती चिठ्ठी निघते: कार्ड मागाहून मिळेल. तिच्यावर मुदतही छापलेली असते. कार्ड म्हणजे दिलेला शब्दच, हे या चिठ्ठीइतके उघड कशानेच होत नाही. म्हणून माझ्यापुरता निवाडा असा: चित्र पाहावयाचे तर टर्की रेडचे पाहावे; पण दिलेला शब्द कसा मोडला आणि तो कोणी पाळावयास लावला, हे वाचावयाचे असेल, तर वळ असलेला लाज्वेच हाती घ्यावा. तो वळ पुसू नये, आणि त्याचे गुणही कापू नयेत.