गोळी सुटल्यानंतरचा बाँड

जेम्स बाँड साकारणाऱ्या नटांची तुलना सुरू झाली की गप्पा ठरलेल्या वाटेने जातात. सूट कुणाला जास्त शोभला, साहेबी थाट कुणाला जमला, मारामारीत खरा कोण वाटला. शॉन कॉनरीवर वाढलेली पिढी आणि डॅनियल क्रेगवर वाढलेली पिढी यांचं या मुद्द्यांवर एकमत होणं कठीण, कारण हे सगळे आवडीनिवडीचे प्रश्न आहेत. नटानटांतला फरक नीट पाहायचा असेल तर एक जागा फार उपयोगाची आहे: बाँडने माणूस मारला, त्यानंतरचे दोन-चार सेकंद. हा माणूस सरकारी नोकर आहे आणि त्याच्या क्रमांकातल्या पहिल्या दोन शून्यांचा अर्थ एवढाच, की त्याच्याकडे मारण्याचा परवाना आहे. कुणाला, कशाने, कुठे मारायचं हे पटकथा आणि स्टंटवाले ठरवतात. मारून झाल्यावर चेहऱ्याचं, हाताचं, श्वासाचं काय होतं, हे बरंचसं नटाच्या हाती उरतं. अल्बर्ट ब्रोकोली आणि हॅरी सॉल्ट्झमन यांनी उभ्या केलेल्या इऑन कंपनीच्या १९६२ ते २०२१ या काळातल्या २५ चित्रपटांत सहा नटांनी हा क्षण सहा तऱ्हांनी वापरला. बाँडचा अर्थ बदलला तो प्रत्येक वेळी याच जागी, असं माझं म्हणणं आहे.

आधी मूळ पाहू. इयन फ्लेमिंगची पहिली कादंबरी ‘कसिनो रॉयल’ १९५३ ची. तिच्यातच बाँड इस्पितळात पडल्या पडल्या आपले पहिले दोन खून आठवतो आणि नोकरी सोडण्याची भाषा करतो. ‘गोल्डफिंगर’ या १९५९ च्या कादंबरीची सुरुवात तर अख्खी याच क्षणावर उभी आहे. मेक्सिकोत एका गुंडाला मारून आलेला बाँड मायामीच्या विमानतळावर दारू घेऊन बसला आहे. उजव्या हाताची कड लाल होऊन सुजली आहे, आणि त्या माणसातला जीव किती झटकन निघून गेला हे काही केल्या त्याच्या मनातून जात नाही. आता याच कादंबरीवरचा १९६४ चा चित्रपट पाहा. खून तोच, चित्रपटाच्या सुरुवातीलाच. पाण्याने भरलेल्या टबात पडलेल्या हल्लेखोरावर कॉनरी चालू विजेचं उपकरण फेकतो, विजेच्या झटक्यावर एक कोटी करतो आणि कोट चढवून निघून जातो. सुजलेला हात गेला, त्या जागी कोटी आली. फ्लेमिंगचा बाँड आणि पडद्यावरचा बाँड यांची फारकत दाखवायला एवढा एकच प्रसंग पुरे आहे.

पण ही कोटी म्हणजे उथळपणा, असं म्हणून कॉनरीला बाजूला सारता येत नाही. ‘डॉ. नो’मधला प्रोफेसर डेंटचा प्रसंग आठवा. रात्रीची वेळ, बिछान्यात उशा रचून माणूस झोपल्याचा भास केलेला, आणि कोपऱ्यात बाँड एकटाच पत्ते लावत बसलेला. डेंट दारातून बिछान्यावर गोळ्या रिकाम्या करतो. मग बोलता बोलता जमिनीवरचं पिस्तूल पायाने सतरंजीसकट आपल्याकडे ओढतो, उचलतो, चाप ओढतो. नुसताच खटका. बाँडने त्याच्या गोळ्या मोजलेल्या असतात. तो एक गोळी घालतो, आणि खाली पडलेल्या देहात पुन्हा एक. कॉनरीच्या चेहऱ्यावरची रेषही हलत नाही, आणि ते न हलणं हाच त्याचा अभिनय आहे. निःशस्त्र झालेल्या माणसाला नायक इतक्या थंडपणे मारतो हे १९६२ च्या प्रेक्षकाला नवं होतं. पुढच्याच वर्षी ‘फ्रॉम रशिया विथ लव्ह’मध्ये रेल्वेच्या डब्यातली ती जीवघेणी झटापट संपल्यावर तो घामाघूम उभा राहतो, दम खातो, मेलेल्याच्या खिशातले आपले पैसे परत घेतो आणि टाय सारखा करतो. टाय सारखा करण्याच्या त्या हालचालीत कॉनरीचा बाँड सगळा सापडतो. आतलं जनावर पुन्हा कपड्यांत नीट बसवणं, असं ते आहे. पुढच्या नटांनी ती लकब उचलली. तिच्यामागचा घाम मात्र सगळ्यांना उचलता आला नाही.

जॉर्ज लॅझेन्बीला एकच चित्रपट मिळाला, १९६९ चा ‘ऑन हर मॅजेस्टीज सीक्रेट सर्व्हिस’. नट म्हणून तो कच्चा होता हे खरं. पण शेवटी लग्नाच्या दिवशीच मारल्या गेलेल्या बायकोचं डोकं मांडीवर घेऊन तो गाडीत बसतो, आणि मोटारसायकलवरून आलेल्या पोलिसाला ती जरा विश्रांती घेते आहे असं सांगतो, तेव्हा त्याचा कच्चेपणाच कामी येतो. पहिल्या टेकला आपल्याला रडू आलं, पण दिग्दर्शक पीटर हंटने बाँड रडत नसतो म्हणून तो पुन्हा घ्यायला लावला, असं लॅझेन्बीने पुढे सांगितलं आहे. पडद्यावर आलं ते आवरलेलं रडू. इथे कोटी नाही आणि सारखा करायला टायही नाही. मृत्यू प्रथमच बाँडच्या अंगावर येतो, आणि त्यानंतर मालिकेने ही वाट बरीच वर्षं टाळली.

टाळली ती रॉजर मूरच्या काळात, असं सरसकट म्हटलं जातं. मला ते अर्धंच पटतं. ‘द स्पाय हू लव्ह्ड मी’ (१९७७) मध्ये कैरोतल्या एका गच्चीच्या कडेवर एक गुंड बाँडचा टाय धरून लोंबकळतो. बाँड त्याच्याकडून हवी ती माहिती काढून घेतो आणि मग हाताच्या एका फटक्यात टाय सोडवतो. माणूस खाली जातो, मूर टाय सारखा करतो. कॉनरीच्या हालचालीत संयम होता, इथे ती निव्वळ टापटीप आहे. मूरचा बाँड मृत्यूकडे जेवताना कपड्यावर पडलेल्या डागासारखा पाहतो. पण याच चित्रपटात, ज्या रशियन हेर बाईच्या प्रियकराला बाँडने बर्फातल्या पाठलागात मारलेलं असतं, ती त्याला समोरासमोर जाब विचारते. मूरच्या आवाजातली सगळी मिश्किली त्या वेळी नाहीशी होते. या धंद्यात माणसं मरतात, तो किंवा मी एवढाच प्रश्न होता, अशा अर्थाचं तो सपाट आवाजात सांगतो आणि नजर चुकवत नाही. म्हणजे मूरला वजन पेलत नव्हतं असं नाही. ते कायम अंगावर वागवायचं नाही, ही त्याची निवड होती. १९८१ च्या ‘फॉर युअर आइज ओन्ली’त तर कड्यावर तोल सावरून राहिलेल्या गाडीला लाथ मारून आतल्या मारेकऱ्याला खाली ढकलायचं होतं, तेव्हा हे आपल्या बाँडला शोभत नाही म्हणून मूर कुरकुरला होता. दिग्दर्शक जॉन ग्लेनने आग्रह धरला आणि लाथ बसली. नटाने भूमिकेची हद्द किती नेमकी आखलेली असते, ते या कुरकुरीतून कळतं.

इथे हमखास आक्षेप येतो, की हे सगळं दिग्दर्शकाचं आणि लेखकाचं काम आहे, काळाचा रेटा आहे, नटाला उगाच श्रेय कशाला? आक्षेप वजनदार आहे, पण मालिकेच्या इतिहासातच त्याला उत्तर आहे. १९८१ ते १९८९ या काळातले सलग पाच चित्रपट जॉन ग्लेननेच दिग्दर्शित केले. पाचही पटकथांवर रिचर्ड मेबॉम आणि मायकेल विल्सन यांची नावं आहेत. निर्माते तेच. त्यातले पहिले तीन मूरचे आणि शेवटचे दोन टिमथी डाल्टनचे. १९८५ आणि १९८७ मध्ये जग काही उलटंपालटं झालेलं नव्हतं. बदलला होता तो मुख्यतः नट. तरीही ‘द लिव्हिंग डेलाइट्स’ पाहताना आपण दुसऱ्याच घरात शिरल्यासारखं वाटतं. ब्रातिस्लाव्हात खिडकीत रायफल घेऊन बसलेली बाई खरी मारेकरी नाही हे ओळखून बाँड तिला मुद्दाम वाचवतो, आणि वरिष्ठांनी कामावरून काढलं तर बरंच होईल असं वैतागून बोलतो. फ्लेमिंगच्या मूळ कथेतला हा कंटाळा डाल्टनने जसाच्या तसा पडद्यावर आणला. पुढे व्हिएन्नाच्या जत्रेत त्याचा सहकारी सरकत्या काचेच्या दारात सापडून मरतो आणि मारेकऱ्याने सोडलेला फुगा जवळ येतो. डाल्टन तो फुगा मुठीत धरून फोडतो, बाहेर धावतो आणि फुगे दिसले म्हणून पिस्तूल रोखतो, तर समोर एक आई आणि तिचं मूल. मेबॉम आणि विल्सन यांनी हा प्रसंग मूरसाठी लिहिलाच नसता, आणि लिहिला असता तर मूरने तो केला नसता. चित्रपटात कोट्या आहेतच. डाल्टनच्या तोंडी त्या घशाखाली न उतरणाऱ्या घासासारख्या वाटतात. हे त्याच्यातलं उणेपण मानलं गेलं. मला ते भूमिकेशी इमान वाटतं.

मग प्रेक्षकाला हे का नको होतं? ‘लायसन्स टू किल’ने १९८९ मध्ये अमेरिकेत फारसा धंदा केला नाही, पुढे कंपनीच्या कोर्टकज्ज्यांत सहा वर्षं गेली आणि डाल्टन बाजूला झाला. यावरून लोकांना बाँडकडून फक्त करमणूक हवी असते, असा निष्कर्ष काढणं सोपं आहे. पण प्रेक्षकाने जे तेव्हा नाकारलं तेच त्याने क्रेगच्या हातून घेतलं, आणि ‘स्कायफॉल’ने २०१२ मध्ये १०० कोटी डॉलरचा टप्पा ओलांडला. मधल्या पिअर्स ब्रॉस्ननने सगळ्यांचं थोडं थोडं घेतलं: कॉनरीचा रुबाब, मूरची सफाई, डाल्टनचा राग. रणगाड्यात बसून टाय सारखा करणं त्याला सहज जमलं. त्याचं सर्वोत्तम काम मात्र ‘टुमॉरो नेव्हर डाइज’मधल्या हॉटेलच्या खोलीत आहे. पलंगावर जुनी प्रेयसी मेलेली, समोर तिला मारणारा, आणि तो जिवाच्या आकांताने सांगतो आहे की मी फक्त माझं काम करतो. मीही, असं म्हणून ब्रॉस्नन गोळी घालतो. परवानाधारक आणि भाडोत्री खुनी यांच्यात फरक काय, हा प्रश्न त्या एका उत्तरात आहे. चित्रपट तिथे थांबला असता तर बरं झालं असतं. तो लगेच रिमोटवर चालणाऱ्या गाडीकडे धावतो.

क्रेगचा ‘कसिनो रॉयल’ (२००६) त्या प्रश्नापाशी थांबला. हा चित्रपट मार्टिन कॅम्पबेलचा, म्हणजे ब्रॉस्ननच्या ‘गोल्डनआय’च्या दिग्दर्शकाचाच. कृष्णधवल सुरुवातीत स्वच्छतागृहातला पहिला खून ओबडधोबड, दमछाक करणारा आहे. माणूस मारणं हे अंगमेहनतीचं आणि किळसवाणं काम असतं, हे मालिकेने इतक्या उघडपणे आधी क्वचितच दाखवलं होतं. पण खरा प्रसंग पुढचा. जुगाराच्या डावाच्या मध्यंतरात जिन्यावर झटापट होते, बाँड गळा आवळून एकाला मारतो. मग खोलीत येऊन रक्ताने भरलेल्या सदऱ्यानिशी बेसिनपाशी उभा राहतो, तोंड धुतो, व्हिस्कीचा घोट घशात ओततो आणि आरशात पाहतो. क्रेग तिथे काही ‘करत’ नाही. तो नुसता पाहतो, आणि ते पाहणं जरा जास्त लांबतं. इथे टाय सारखा करून भागत नाही, सदराच बदलावा लागतो. नंतर त्याच्यासोबत आलेली व्हेस्पर कपड्यांसकट शॉवरखाली बसलेली सापडते, हाताचं रक्त जात नाही म्हणते, आणि तो शेजारी भिजत बसून तिची बोटं तोंडात घेतो. फ्लेमिंगच्या विमानतळावरचा सुजलेला हात ४७ वर्षांनी पडद्यावर आला, फक्त तो आता बाईचा होता.

क्रेगच्या विरोधातही पुरावा आहे, तो लपवायचं कारण नाही. ‘स्कायफॉल’मध्ये सेव्हरिन नावाच्या, आयुष्यभर गांजलेल्या बाईला खलनायक गोळी घालतो आणि बाँड वाया गेलेल्या दारूबद्दल बोलतो. हा शेरा शत्रूला बेसावध ठेवण्यासाठी होता असा खुलासा केला जातो. मला तो पुरेसा वाटत नाही, कारण संकट टळल्यावरही चित्रपट तिची आठवण काढत नाही. याहून मोठा आक्षेप असा, की बिननावाचे पहारेकरी प्रत्येक चित्रपटात ढिगाने मरतात आणि त्यांच्यानंतर कुणाचाच श्वास अडखळत नाही. ‘नो टाइम टू डाय’मधला जिन्यावरचा तो सलग लांब शॉट पाहा, क्रेग माणसं मारत वर चढतो आणि आपण त्याच्या दमाची काळजी करतो, मेलेल्यांची नाही. ही या चित्रपटांची खरी मर्यादा आहे आणि एकाही नटाला ती ओलांडता आलेली नाही. आपल्याकडे तर २०१५ मध्ये ‘स्पेक्टर’ आला तेव्हा सेन्सॉर बोर्डाने चुंबनं निम्म्याने कापली. बाँडच्या हातून मरणाऱ्यांबद्दल तेवढी चर्चा झाली नाही, याची खंत वाटते.

तरीही ‘नो टाइम टू डाय’मध्ये एक जागा अशी आहे, जिथे हा सगळा प्रवास एका हालचालीत दिसतो. नॉर्वेच्या धुक्यातल्या जंगलात, जिवलग मित्र फेलिक्स लायटरला मारणारा ॲश हा माणूस गाडीखाली अडकलेला आहे. तो बाँडला आपल्यातल्या भाऊपणाची आठवण करून देतो. मलाही भाऊ होता, असं म्हणून बाँड मेलेल्या मित्राचं नाव घेतो आणि गाडी त्याच्या अंगावर ढकलतो. त्याच्या चाळीस वर्षं आधी मूरला नको वाटलेलं काम तेच: अडकलेला माणूस, कलंडायला आलेली गाडी, एक धक्का. क्रेग मागे वळून पाहत नाही. तो धुक्यात निघून जातो.