शोक, स्तुती आणि औचित्य : टिम रसर्ट यांच्या निधनाचे वृत्तनिवेदन

१

मृत्युलेख हा वृत्तपत्रीय लेखनातील एक जुना व प्रतिष्ठित प्रकार होय. गत व्यक्तीविषयी आदर व्यक्त करणे आणि तिच्या कार्याचे मोल समाजापुढे मांडणे, अशी दोन कार्ये त्याला एकाच वेळी करावी लागतात. केवळ आदरच व्यक्त झाला तर मृत्युलेखाचे स्तोत्र होते. केवळ मोजमापच झाले तर त्याला निष्ठुरतेचा दोष लागतो. गत व्यक्ती स्वतः पत्रकार असेल तर ही अडचण अधिकच वाढते. इतरांच्या मृत्यूची वार्ता पत्रकार काही अंतरावरून देत असतो. व्यवसायबंधूच्या मृत्यूची वार्ता देताना मात्र वार्ताहर, आप्त आणि परीक्षक या तिन्ही भूमिका एकाच व्यक्तीकडे येतात, आणि त्यांतील आप्ताची भूमिका स्वाभाविकपणेच इतर दोहोंवर मात करू पाहते.

अमेरिकेतील दूरचित्रवाणी-पत्रकार टिम रसर्ट यांच्या निधनानंतर जून २००८ मध्ये जे वृत्तनिवेदन झाले, ते या अडचणीचे एक ठळक उदाहरण होय. त्या वृत्तनिवेदनावर अतिरेकाचा आक्षेप त्याच वेळी घेण्यात आला होता. ‘स्लेट’ या नियतकालिकात जॅक शॅफर यांनी रसर्ट यांना संतपद बहाल केले जात असल्याची टीका केली होती. हा आक्षेप बहुधा तासांच्या हिशेबाने मांडला जातो. इतके तास एका मृत्यूला का द्यावेत, असे विचारले जाते. परंतु केवळ तास मोजून या अतिरेकाचे स्वरूप कळत नाही. त्यासाठी त्या तासांत काय सांगितले गेले आणि काय सांगावयाचे राहिले, हे पाहणे आवश्यक आहे.

२

प्रथम घटना पाहू जाता, ती निःसंशय वार्तामूल्य असलेली होती. शुक्रवार, १३ जून २००८ रोजी एन्. बी. सी. या संस्थेच्या वॉशिंग्टन येथील कचेरीत काम करीत असतानाच रसर्ट कोसळले व हृदयविकाराने त्यांचा अंत झाला. त्यांचे वय ५८ होते. ते त्या कचेरीचे प्रमुख होते, आणि १९९१ पासून ‘मीट द प्रेस’ या रविवारच्या मुलाखत-कार्यक्रमाचे सूत्रधार होते. १९४७ साली सुरू झालेल्या या कार्यक्रमाचे सूत्रसंचालन त्यांच्याइतका दीर्घ काळ दुसऱ्या कोणीही केलेले नव्हते. शिवाय ते वर्ष अध्यक्षीय निवडणुकीचे होते. बफेलो शहराच्या स्वच्छता-खात्यात नोकरी करणाऱ्या एका कष्टाळू पित्याचा हा पुत्र. त्या पित्यावर त्याने २००४ मध्ये पुस्तक लिहिलेले. आणि मृत्यू आला तो पितृदिनाच्या अवघे दोन दिवस आधी. लोकमनाला स्पर्श करणारे सारेच घटक येथे एकत्र आले होते.

निधनाची वार्ता त्यांचे ज्येष्ठ सहकारी टॉम ब्रोकॉ यांनी त्याच दिवशी दुपारी साडेतीननंतर प्रेक्षकांना दिली. ते निवेदन संयत होते, आणि वार्ता म्हणून तेवढे पुरेसेही होते. तथापि त्यानंतर एम्. एस्. एन्. बी. सी. या वृत्तवाहिनीवर स्मरणांचा जो ओघ सुरू झाला, तो शुक्रवारच्या रात्रीवर थांबला नाही. रविवारी, १५ जून रोजी, ‘मीट द प्रेस’ची सुरुवातच रसर्ट यांच्या रिकाम्या खुर्चीच्या दर्शनाने झाली, आणि तो संपूर्ण भाग त्यांच्या आठवणींना वाहिलेला होता. १८ जून रोजी जॉर्जटाऊन येथील चर्चमध्ये अंत्यविधी झाला. अध्यक्षपदाचे दोन्ही प्रतिस्पर्धी, बराक ओबामा व जॉन मकेन, तेथे शेजारीशेजारी बसले होते. त्याच दिवशी केनेडी सेंटरमध्ये स्मरणसभा झाली व ती थेट प्रक्षेपित करण्यात आली. ब्रूस स्प्रिंगस्टीन या गायकाने दूरवरून पडद्यावर येऊन गीत सादर केले. सभा संपल्यावर आकाशात इंद्रधनुष्य दिसले, तर त्याचीही वार्ता झाली.

३

भारतीय साहित्यशास्त्रात या प्रकारच्या दोषाला नाव आहे. आनंदवर्धनाने रसाला बाधक होणाऱ्या गोष्टींची चर्चा करताना, पूर्ण परिपोष झालेल्या रसाला पुनःपुन्हा उद्दीप्त करणे हा दोष मानला आहे. वारंवार हाताळलेले फूल जसे कोमेजते, तसाच असा रसही म्लान होतो, असा त्याचा आशय आहे. मम्मटाने रसदोषांत या दोषाचा समावेश केला, आणि त्याचे उदाहरण म्हणून ‘कुमारसंभवा’तील रतिविलापाकडे बोट दाखविले. मृत्यू खरा, शोक खरा, कवी तर कालिदासासारखा. तरीही शोकाचे पुनःपुन्हा उद्दीपन दोषास्पद ठरते, हा या निर्णयातील मर्माचा भाग होय. दोष शोकाच्या खोटेपणात नाही, त्याच्या योजनेत आहे.

काव्याची कसोटी वृत्तनिवेदनाला लावणे कितपत योग्य, अशी शंका येथे घेतली जाईल. वार्तेचा हेतू रसनिर्मिती नव्हे, हे खरे आहे. परंतु त्या पाच-सहा दिवसांत वाहिनीने जे दाखविले, त्याचा हेतूही वार्ता देणे हा राहिलेला नव्हता. पहिल्या तासानंतर सांगण्यासारखी नवी माहिती फारच थोडी होती. पुढे होते ते भावनेचे उद्दीपन: तीच दृश्ये, तेच हसणे, २००० सालच्या निवडणुकीच्या रात्री लहानशा पांढऱ्या फळ्यावर फ्लोरिडाचे नाव तीनदा लिहिणारा तोच हात. ज्या क्षणी वृत्तनिवेदन शोकाचे माध्यम बनते, त्या क्षणी ते शोकाच्या औचित्यविचारालाही बांधले जाते. वार्तेच्या कसोटीवर ते उतरत नाही आणि करुणाच्याही कसोटीवर उतरत नाही, अशी त्याची दुहेरी अवस्था होते.

४

परंतु पुनरुक्तीपेक्षाही गंभीर दोष दुसरा आहे. रसर्ट यांची कीर्ती त्यांच्या एका विशिष्ट पद्धतीवर उभी होती. पाहुण्याचे जुने विधान ते तारखेसह पडद्यावर दाखवीत, आणि आजच्या विधानाशी त्याचा मेळ कसा घालता, असे शांतपणे विचारीत. व्यवसायाने पत्रकार होण्यापूर्वी त्यांनी कायद्याचे शिक्षण घेतले होते. सिनेटर मॉयनिहन आणि गव्हर्नर क्युओमो यांच्याकडे कामही केले होते. साक्षीदाराची उलटतपासणी आणि राजकारण्याची अंतर्गत रीत, दोन्हींची जाण त्या पद्धतीमागे होती. त्यांच्या मृत्यूनंतर या पद्धतीची स्तुती अगणित वेळा झाली. ती पद्धत खुद्द त्यांच्या कार्याला लावावी, हे मात्र त्या स्मरणाच्या मुख्य सुरात बसले नाही.

असे करण्यासाठी लागणारी सामग्री सार्वजनिक नोंदीत उपलब्ध होती. ८ सप्टेंबर २००२ रोजी उपाध्यक्ष डिक चेनी ‘मीट द प्रेस’मध्ये आले. त्याच सकाळी ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने इराकने मागविलेल्या ॲल्युमिनियमच्या नळ्यांसंबंधी वृत्त छापले होते, आणि चेनी यांनी इराकच्या अण्वस्त्र-प्रयत्नांचा पुरावा म्हणून त्या वृत्ताचा हवाला दिला. शासकीय गोटातून निघालेली माहिती वृत्तपत्रात जाते आणि शासनाचा प्रतिनिधी तीच माहिती वृत्तपत्राच्या नावाने परत मांडतो, हे चक्र त्या सकाळी त्या कार्यक्रमात पूर्ण झाले. २००७ मध्ये बिल मॉयर्स यांच्या ‘बाइंग द वॉर’ या माहितीपटात याविषयी विचारले असता, शंका असणाऱ्या अधिकाऱ्यांनी आपल्याला दूरध्वनी करावयास हवा होता, अशा आशयाचे उत्तर रसर्ट यांनी दिले. प्रतिकूल पुरावा वार्ताहराने शोधावयाचा की त्याची वाट पाहावयाची, हा वृत्तव्यवसायाचा मूलभूत प्रश्न त्या उत्तरात उभा राहतो.

त्याच वर्षी चेनी यांचे माजी प्रमुख सहायक लुईस लिबी यांच्यावर खटला चालला. चेनी यांच्या प्रसिद्धीचे काम पाहणाऱ्या कॅथी मार्टिन यांच्या साक्षीतून असे बाहेर आले की, आपल्याला हवे ते म्हणणे आपल्या नियंत्रणात राहून मांडता येईल, असे व्यासपीठ म्हणून उपाध्यक्षांची कचेरी ‘मीट द प्रेस’कडे पाहत होती. खुद्द रसर्ट यांनी फेब्रुवारीत साक्ष देताना सांगितले की, वरिष्ठ अधिकाऱ्यांशी होणारी संभाषणे ते मुळातच गोपनीय धरीत, आणि ती वापरावयाची झाल्यास नंतर परवानगी मागत. कठोर प्रश्नकर्ता म्हणून ज्याची ख्याती, त्याच्याविषयी सत्ताधाऱ्यांचा अनुभव असा का असावा, हा मेळ घालण्याजोगा प्रश्न होता.

या प्रश्नांची उत्तरे रसर्ट यांच्या विरुद्धच गेली असती, असे मानण्याचे कारण नाही. १६ मार्च २००३ रोजी, इराकवरील आक्रमणाच्या अगदी तोंडावर, आपले सैनिक मुक्तिदाते म्हणून स्वागत पावतील, असे चेनी यांनी याच कार्यक्रमात म्हटले. आणि तसे न होता ते जेते म्हणून गणले गेले तर काय, हा प्रश्न रसर्ट यांनीच तेथल्या तेथे विचारला होता. लिबी यांच्या खटल्यातही त्यांची साक्ष दोषसिद्धीला महत्त्वाचा आधार ठरली. म्हणजे जमेची बाजू होती आणि ती भक्कमही होती. खर्चाची बाजू दाखविली असती तर ही जमा अधिक विश्वसनीय झाली असती. अखंड स्तुतीने रसर्ट यांचे चरित्र मोठे झाले नाही; ते सपाट झाले. पंधराहून अधिक वर्षे देशाच्या राजकीय संभाषणाच्या केंद्रस्थानी राहिलेल्या माणसाऐवजी एक प्रेमळ पिता, आज्ञाधारक पुत्र आणि उमदा मित्र एवढेच चित्र प्रेक्षकांपुढे उरले. ते चित्र खोटे नव्हते. परंतु तेवढ्यासाठी देशाने त्यांना ओळखले नव्हते.

५

अतिरेकाची तिसरी बाजू शेजारच्या घटनांशी तुलना केल्यावर दिसते. ज्या १३ जून रोजी रसर्ट यांचे निधन झाले, त्याच दिवशी आयोवा राज्यातील सीडर रॅपिड्स येथे सीडर नदीचे पाणी ३१ फुटांवर चढले. त्यापूर्वीचा तेथील उच्चांक २० फुटांचा होता. शहराचा सुमारे १० चौरस मैलांचा भाग पाण्याखाली गेला आणि हजारो घरांची हानी झाली. त्याच रात्री अफगाणिस्तानात कंदहार येथील तुरुंगावर तालिबानने हल्ला केला, आणि शेकडो तालिबानी धरून सुमारे १,००० कैदी निसटले. आदल्याच दिवशी, १२ जून रोजी, ग्वांतानामो येथील बंदिवानांना न्यायालयाकडे दाद मागण्याचा अधिकार आहे, असा निर्णय अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी दिला होता.

या वार्ता दिल्याच गेल्या नाहीत, असे नव्हे. पण वृत्तवाहिनीचा वेळ हा मर्यादित असतो, आणि एका विषयाला दिलेला तास दुसऱ्या विषयाकडून घेतलेला असतो. त्या तीन घटनांचे स्पष्टीकरण, त्यांची कारणे, त्यांचे परिणाम यांसाठी अनुभवी मुलाखतकाराने तज्ज्ञांना आणि अधिकाऱ्यांना प्रश्न विचारावयास हवे होते. रविवारची ती सकाळ नेमक्या याच कामासाठी राखलेली होती. मुलाखतकाराच्या स्मरणार्थ मुलाखतच रद्द व्हावी, हा त्यातील विरोधाभास कोणालाही खटकण्यासारखा आहे.

६

या वर्तनाची कारणे केवळ भावनेत शोधणे अपुरे होईल. वाहिनीला चोवीस तास भरावयाचे असतात. पुरात बातमीदार पाठविणे खर्चाचे व कष्टाचे असते; शोकाची सामग्री मात्र घरातच असते. संग्रहातील चित्रफिती तयार असतात, वक्ते कचेरीतच असतात, आणि त्यांना बोलण्यास प्रवृत्त करावे लागत नाही. शिवाय वॉशिंग्टन येथील पत्रकार, सल्लागार आणि राजकारणी यांचे वर्तुळ बरेचसे एकच आहे. त्या रविवारी आठवणी सांगणाऱ्यांत मेरी मॅटलिन होत्या. त्या पूर्वी चेनी यांच्या सल्लागार होत्या. त्यांच्या स्नेहाविषयी शंका घेण्याचे कारण नाही. परंतु ज्यांना प्रश्न विचारावयाचे त्यांच्यापैकीच एक जण प्रश्नकर्त्याच्या अंत्यस्मरणात निकटवर्तीय म्हणून बसतो, ही स्थिती त्या वर्तुळाच्या रचनेविषयी पुष्कळ काही सांगून जाते. त्या वर्तुळाने स्वतःच्या शोकाला राष्ट्राचा शोक मानले.

यावर असे म्हटले जाईल की, मृत्यूनंतरचे पहिले दिवस परीक्षणाचे नव्हेत. चिकित्सेला पुढे अवकाश असतो. या म्हणण्यात माणुसकी आहे आणि सहकाऱ्याच्या घरी ते सर्वथा योग्य होय. त्याच माणुसकीने सहकाऱ्यांनी मौन पत्करले असते, किंवा थोडक्यात श्रद्धांजली वाहून ते कामाला लागले असते, तर आक्षेपाला जागाच नव्हती. परंतु परीक्षणासाठी वेळ योग्य नाही आणि स्तुतीसाठी मात्र अमर्याद वेळ योग्य आहे, अशी दुहेरी भूमिका घेता येत नाही. जो विस्तार शोकाने स्वतःसाठी मागितला, त्या विस्ताराने मूल्यमापनाची जबाबदारीही आपोआप अंगावर घेतली होती.

इतर सार्वजनिक व्यक्तींच्या बाबतीत वृत्तव्यवसाय हा विवेक पाळतो. राजकारणी, उद्योगपती वा सेनानी यांच्या मृत्युलेखात त्यांच्या वादग्रस्त निर्णयांचा उल्लेख पहिल्याच दिवशी येतो, आणि त्यात कोणाला अनादर वाटत नाही. तोच नियम व्यवसायबंधूच्या बाबतीत शिथिल झाला, तर तो नियम तत्त्वावर नव्हे, परकेपणावर उभा होता, असा निष्कर्ष वाचक व प्रेक्षक काढतील. जून २००८ मधील वृत्तनिवेदनाने हा निष्कर्ष काढण्यास कारण दिले. ज्याने आयुष्यभर तारखेसह विधाने समोर ठेवून प्रश्न विचारले, त्याच्या स्मरणाचे योग्य साधन प्रश्न हेच होते. आणि ते साधन हाताशी असता दूर ठेवले गेले, हीच त्या दीर्घ शोकपर्वातील मुख्य उणीव होय.