एका बटणाचे परीक्षण

आपल्याकडे नाटकाचे परीक्षण होते, कादंबरीचे होते, लग्नातल्या जेवणाचे तर पंगत उठायच्या आत होते. बटणाचे मात्र कोणी करत नाही. वास्तविक नाटक माणूस वर्षातून दोनदा पाहतो आणि बटण दिवसातून पन्नास वेळा दाबतो. ही उणीव भरून काढायचे काम वाणिज्य शाखेच्या एका पदवीधराकडे आले, याचा विज्ञान शाखेने राग मानू नये.

परीक्षणाचा विषय आहे आमच्या मेव्हण्यांचा ट्रिगर. मेव्हणे बारामतीला असतात. तयार अ‍ॅम्प्लिफायर विकत घेणे त्यांना हॉटेलातून पुरणपोळी आणण्याइतके कमीपणाचे वाटते. म्हणून त्यांनी पॉवर अ‍ॅम्प्लिफायर घरीच बांधला. तो कपाटाच्या मागे बसतो, प्री-अ‍ॅम्प्लिफायर पुढे. मागच्याचे बटण दाबायला रोज कपाटामागे हात घालावा लागे. आता पुढचा चालू केला, की त्यातून निघालेली १२ व्होल्टची बारीक वायर मागच्याला आपोआप जागे करते. हाच ट्रिगर.

कथानक साधे आहे. नायक आहे रिले. त्याच्या कॉइलला १२ व्होल्टवर जेमतेम ३० मिलिअँपिअर लागतात. तेवढ्यावर तो २३० व्होल्टचे दार उघडतो. हे मला झटकन कळले. बँकेत आम्ही दुसरे काय करतो? कारकुनाच्या दोन आद्याक्षरांवर लाखाची रक्कम हलते. पण रकमेचा आणि कारकुनाचा स्पर्श होत नाही. रिलेतही तसाच सोवळेपणा पाळतात. १२ व्होल्टच्या वायरी एका बाजूला, २३० च्या दुसऱ्या. रिले सुटताना कॉइल जाता जाता एक उलटा झटका मारते, निवृत्तीच्या दिवशी एखादा साहेब मारतो तसा. तो गिळायला एक डायोड आडवा बसवावा लागतो.

मला यातली सर्वांत आवडलेली गोष्ट म्हणजे हुकूम सतत चालू लागतो. उंदराने वायर कुरतडली, तर रिले सुटतो आणि अ‍ॅम्प्लिफायर बंद होतो. हुकूम पोचला नाही तर काम थांबवावे, हे त्याला कळते. कित्येक कचेऱ्यांना कळत नाही.

दोष दोन. पहिला, उतावीळपणा. मोठा ट्रान्सफॉर्मर जागा होताना नेहमीच्या कित्येक पट करंटचा घोट घेतो. मेव्हण्यांकडे त्या क्षणी घरातला बल्ब डोळा मारतो. उपाय आहे : सेकंदभर मध्ये एक रेझिस्टन्स ठेवायचा आणि मग दुसऱ्या रिलेने तो बाजूला करायचा. "दाजी, एका सेकंदाने काय होतंय?" असे मेव्हण्यांनी विचारले. दुसरा दोष अधिक गंभीर. ट्रिगर बंद असला तरी २३० व्होल्ट आत रिलेच्या उंबरठ्यावर उभेच असतात. म्हणून मागचे मुख्य बटण आणि फ्यूज काढून चालत नाही, आणि डबा उघडण्यापूर्वी प्लग काढावाच लागतो.

एका सेकंदाने काय होते, याचे उत्तर इंदापूरला आहे. माझी शाखा तिथली, त्यामुळे या नाटकाचा शिवारातला प्रयोगही मला ठाऊक आहे. उजनीच्या फुगवट्यावर मोटर आणि ऊस पार आत. वर्षानुवर्षे पंपाची वीज रात्रीच्या पाळीत यायची. उठा, बॅटरी घ्या, साप-विंचू चुकवत ओल्या बांधावरून जा आणि ओल्याच हाताने स्टार्टर दाबा. त्यावर लोकांनी ऑटोस्विच बसवले. वीज आली की मोटर सुरू! पण वीज सगळ्यांना एकाच क्षणी येते. सगळ्या मोटरी एकदम घोट घेतात आणि डीपी जळते. ऑटोस्विच काढा, कपॅसिटर लावा, अशी महावितरण विनवणी करत आले ते यासाठी. मेव्हण्यांचा बल्ब नुसता डोळा मारतो. डीपी जळली तर अख्ख्या वस्तीचे पाणी थांबते.

पुढे मोबाइलवरचा स्टार्टर आला. पुण्याच्या संतोष ओस्तवाल यांच्या 'नॅनो गणेश'ला २००९ साली नोकियाच्या स्पर्धेत बक्षीसही मिळाले. त्याचा गुण असा, की तो नुसता हुकूम घेत नाही, वीज आहे की नाही हे उलट कळवतो. समीक्षक म्हणून माझा कौल त्यालाच. लांबून बटण दाबणे कोणालाही जमते. लांबून बघणे अवघड. ट्रिगरने आपले पाय वाचवावेत, डोळे काढून घेऊ नयेत.

हे सगळे मी काउंटरवर एका खातेदाराला ऐकवले. निमगाव केतकीकडचे म्हातारबुवा. घरात मोबाइलचा स्टार्टर आहे. म्हटले, "मग आता रात्री निवांत झोप ना?"

पासबुक खिशात घालत ते म्हणाले, "सायेब, मोटर फोनवर चालू हुती. पर दारं धरायला फोन जातुय व्हय?"