डिझेल मोटारींचे ट्यूनिंग : शक्तीचा दावा आणि बचतीचा पुरावा

डिझेलवर चालणाऱ्या काटकसरी मोटारींच्या इंजिनात कारखान्याबाहेर फेरफार करून देण्याचा, म्हणजेच ट्यूनिंगचा, व्यवसाय प्रथम युरोपात रुजला आणि पुढे भारतातही पसरला. या व्यवसायाच्या जाहिरातींत एक दुहेरी विधान हटकून आढळते : या फेरफारामुळे गाडीची शक्ती वाढते आणि ॲव्हरेजही सुधारते. दोन्ही गोष्टी एका दमात सांगितल्या जात असल्यामुळे त्या एकाच पुराव्यावर उभ्या आहेत, असा ग्राहकाचा समज होतो. वस्तुतः तसे नाही. शक्तीचा पुरावा स्वतंत्रपणे तपासता येतो. बचतीचा पुरावा मात्र पुष्कळदा ज्या फेरफाराची परीक्षा करावयाची त्यानेच दूषित केलेला असतो. हा भेद ध्यानात न घेतल्यामुळे ट्यूनिंगची स्तुती आणि निंदा दोन्ही आंधळेपणाने होत आलेली आहेत.

१

डिझेल इंजिनाची शक्ती पेट्रोल इंजिनाप्रमाणे हवेची वाट कमीअधिक अडवून नियंत्रित केली जात नाही. सिलिंडरात सोडलेल्या इंधनाच्या मात्रेवर ती अवलंबून असते. एरवी हवा गरजेपेक्षा अधिकच असते आणि या इंजिनाच्या काटकसरीचे ते एक महत्त्वाचे कारण आहे. १९९७ मध्ये अल्फा रोमिओ १५६ या गाडीतून कॉमन रेल पद्धती प्रवासी मोटारींत आली. तीत इंधन एका सामायिक नळीत प्रचंड दाबाखाली साठविले जाते. इंजेक्टर केव्हा आणि किती वेळ उघडावयाचा याचा निर्णय ईसीयू हा संगणक त्याच्या स्मृतीतील कोष्टकांवरून घेतो. शक्ती वाढविण्यासाठी स्क्रू पिळण्याऐवजी कोष्टकातील आकडे बदलले की पुरे, अशी स्थिती या पद्धतीने निर्माण केली.

हा बदल दोन मार्गांनी केला जातो. पहिला रीमॅपचा : त्यात कोष्टकेच नव्याने लिहिली जातात. दुसरा मार्ग ट्यूनिंग बॉक्सचा. ही लहानशी पेटी नळीतील दाब मोजणारा सेन्सर आणि ईसीयू यांच्यामध्ये बसविली जाते. ती ईसीयूला खऱ्यापेक्षा कमी दाब कळविते. ईसीयू साहजिकच दाब वाढवितो आणि तितक्याच वेळात अधिक इंधन सिलिंडरात जाते. यंत्राची आज्ञा न बदलता यंत्राची समजूत बदलणे, असे या पेटीच्या कार्याचे वर्णन करता येईल.

शक्ती वाढल्याचा दावा या दोन्ही मार्गांत खोटा नसतो. टर्बोचार्जर असलेल्या इंजिनात इंधन व हवेचा दाब वाढविला की शक्ती वाढते. डायनोवर चाके फिरवून ती मोजता येते आणि चालकाला घाटात तिचा अनुभव येतो. आक्षेप असलाच तर तो शक्ती वाढण्याला नाही. ती वाढविण्यासाठी इंजिनाने आजवर राखून ठेवलेले काय खर्ची पडले, हा खरा प्रश्न आहे.

२

बचतीच्या दाव्याची परीक्षा साध्या गणिताने सुरू करता येते. सुमारे १२०० किलोग्रॅम वजनाची लहान मोटार सपाट रस्त्यावर ताशी ९० किलोमीटर वेगाने चालत असता हवेचा आणि टायरांचा विरोध तोडण्यास ढोबळमानाने १० किलोवॉट, म्हणजे १३ ते १४ अश्वशक्ती, पुरते. इंजिन ७५ अश्वशक्तीचे असो वा फेरफार करून ९५ चे केलेले असो, या प्रवासात त्याची पाऊण शक्ती निजलेलीच असते. जाहिरातीत दाखविली जाणारी वाढ मुख्यतः पूर्ण भारावरील कोष्टकांत केलेली असते आणि नेहमीच्या प्रवासात त्या कोष्टकांना हातही लागत नाही. जेथे वाढ केली तेथे गाडी क्वचितच असते. जेथे गाडी नेहमी असते तेथे पूर्ण भाराच्या वाढीमुळे काटकसर होण्याचे कारण नाही.

खरी बचत मुळीच शक्य नाही, असे मात्र म्हणता येणार नाही. इंधन फवारण्याची वेळ थोडी अलीकडे आणली तर ज्वलनाची कार्यक्षमता काही अंशी वाढते. निकास वायूचा काही भाग पुन्हा सिलिंडरात नेणारी ईजीआर झडप बंद केली, किंवा काजळी अडविणारा फिल्टर काढून टाकला, तरीही थोडे इंधन वाचू शकते. परंतु या बचतीची किंमत कोण देतो हे पाहिले पाहिजे. फवारणी अलीकडे आणली की ज्वलनाचे तापमान चढते आणि नायट्रोजनची ऑक्साइडे वाढतात. ती वाढू नयेत म्हणूनच ईजीआर झडप बसविलेली असते. मालकाच्या खिशात जे राहते ते रस्त्याकडेच्या माणसाच्या फुप्फुसातून वसूल केलेले असते. आणि त्या माणसाची संमती कोणी विचारलेली नसते.

३

ट्यूनिंग बॉक्सच्या बाबतीत मामला अधिक विलक्षण आहे. पेटी बसविलेले मालक डॅशबोर्डवरील ॲव्हरेज वाढल्याचे सांगतात, आणि ते खोटे बोलत नसतात. आकडा खरोखरच वाढलेला असतो. परंतु तो आकडा टाकीतील इंधन मोजून काढलेला नसतो. आपण किती इंधन फवारण्याची आज्ञा दिली यावरून ईसीयू तो हिशोबाने काढतो, आणि त्या हिशोबात नळीतील दाब गृहीत धरलेला असतो. तो दाबच पेटीने खोटा कळविलेला आहे. इंजेक्टरमधून जाणारे इंधन स्थूलमानाने दाबाच्या वर्गमूळाच्या प्रमाणात वाढते. प्रत्यक्ष दाब कळविलेल्या दाबापेक्षा २० टक्के अधिक असेल तर तितक्याच वेळात जाणारे इंधन सुमारे साडेनऊ टक्के अधिक असते. ही तफावत प्रवासभर कायम राहिली, तर लिटरला २० किलोमीटर चालणारी गाडी डॅशबोर्डवर जवळजवळ २२ दाखवील, आणि पेट्रोलपंपावर मात्र पूर्वीइतकेच डिझेल घेईल.

ज्या साक्षीदाराला आधी फितविले त्याचीच साक्ष पुढे पुरावा म्हणून मांडली जाते, असा हा प्रकार आहे. त्यावर उपायही जुनाच आहे : टाकी काठोकाठ भरावी, त्याच रस्त्याने, तितक्याच भारानिशी काही शे किलोमीटर जावे, त्याच पंपावर टाकी पुन्हा काठोकाठ भरावी, आणि हे अनेकदा करावे. टॅक्सीचालकांच्या परिचयाची ही रीत या कामी महागड्या पडद्यापेक्षा अधिक विश्वसनीय आहे.

४

या टीकेने कारखानदार मात्र निर्दोष ठरत नाही. १८ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने फोक्सवॅगनला नोटीस दिली. त्यापूर्वी वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठातील संशोधकांनी गाड्यांत मोजमापाची यंत्रे ठेवून त्या रस्त्यावर चालविल्या होत्या आणि त्यांचे निष्कर्ष २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले होते. चाचणी चालू आहे हे ओळखून तेवढ्यापुरतेच प्रदूषण-नियंत्रण पूर्णपणे राबविणारी आज्ञावली गाड्यांत होती. रस्त्यावर नायट्रोजनच्या ऑक्साइडांचे प्रमाण मर्यादेच्या ४० पटींपर्यंत जात होते. जगभरच्या सुमारे १ कोटी १० लाख गाड्यांचा हा प्रश्न होता. भारतातही त्याच वर्षी डिसेंबरात सुमारे ३ लाख २३ हजार गाड्या परत बोलावण्याचे जाहीर झाले. गल्लीतला ट्यूनर जे एका गाडीत करतो ते येथे कारखान्यानेच लक्षावधी गाड्यांत करून ठेवले होते, आणि युक्तीही तीच होती : मोजणाऱ्याला फसविणे.

तथापि यावरून ‘कारखान्याची कोष्टकेच अप्रामाणिक, मग ती बदलण्यात पाप कसले’ असा निष्कर्ष काढणे हा तर्कदोष होय. कारखान्याने इंजिनात राखून ठेवलेले अंतर सर्वस्वी फसवेगिरीचे नसते. मे महिन्यात चार माणसे व सामान घेऊन घाट चढणाऱ्या गाडीचा टर्बो, भेसळीच्या डिझेलवर चालणारे इंजेक्टर, वर्षानुवर्षे झिजत गेलेला क्लच या सर्वांसाठी ते राखलेले असते. पुण्याजवळच्या रांजणगाव येथे पूर्वी तयार होणाऱ्या फियाटच्या १२४८ घनसेंटिमीटरच्या मल्टिजेट इंजिनाचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. हे इंजिन आणि मारुतीने परवान्याखाली बनविलेली त्याची आवृत्ती भारतात ७५ आणि ९० अश्वशक्ती अशा दोन रूपांत विकली गेली. इंजिन तेच, मग पंधरा अश्वशक्ती संगणकात कोंडून ठेवल्या आहेत, असा तर्क ट्यूनिंगचे समर्थक करीत. परंतु अधिक शक्तीच्या रूपात टर्बोचार्जरही निराळा, पात्यांचा कोन बदलणारा, होता. आकड्यांमधील फरकामागे धातूचा फरक होता. २०२० च्या एप्रिलमध्ये भारत स्टेज ६ चे निकष लागू झाले तेव्हा या इंजिनाची भारतातील कारकीर्द संपली, तरी जुन्या गाड्या रस्त्यावर आहेत आणि त्यांच्यासाठी पेट्याही विकल्या जातात.

तात्पर्य, ट्यूनिंगचा विचार कौशल्याच्या निकषावर करून भागणार नाही. कुशल ट्यूनर आहेत आणि काळा धूर न काढता शक्ती वाढविणारे रीमॅपही आहेत. निर्णायक प्रश्न तीनच आहेत : दाव्याचे मोजमाप फेरफारापासून स्वतंत्र आहे काय, खर्ची पडलेले राखीव अंतर कोणते, हे मालकाला सांगितले आहे काय, आणि वाचलेल्या इंधनाची किंमत तिसऱ्याच कोणावर लादली गेली आहे काय. पहिले दोन प्रश्न मालक आणि ट्यूनर यांच्यातील सचोटीचे आहेत. तिसऱ्याचे उत्तर देण्यास या व्यवहारात पक्षकारच हजर नसतो. म्हणून तो प्रश्न कायद्याने आणि विद्यापीठांतील संशोधनाने विचारला पाहिजे. २०१४ मध्ये तो एका विद्यापीठाने विचारला होता, आणि त्यासाठी गाडीतील पडद्यावर नव्हे तर गाडीच्या धुरांड्यावर लक्ष ठेवले होते.