परतीच्या ओढीचे गीत

रॉक संगीत म्हणजे निव्वळ गोंगाट, असा समज आपल्या अनेक कुटुंबांत आढळतो. अमेरिकेच्या दक्षिण भागातील, जॅक्सनव्हिलच्या लिनर्ड स्किनर्ड या वाद्यवृंदाचे ‘कमिंग होम’ हे गीत त्या समजाला छेद देते. गावोगाव फिरणाऱ्या गायकाला घराची ओढ लागते, एवढाच त्याचा विषय.

दौऱ्यावरील गीतांत पुष्कळदा भटकंतीची बढाई असते; येथे थकवा आहे, दुरावलेल्या मित्रांची आठवण आहे आणि मला दोष देऊ नका, अशी विनवणी आहे. ही विनवणीच आम्हांस गीताचे मर्म वाटते. संत लूकच्या शुभवर्तमानातील उधळा पुत्र पाप कबूल करतो. हा गायक केवळ समजून घेण्याची याचना करतो. पश्चात्तापापर्यंत तो पोहोचत नाही, ही गीताची मर्यादा खरी. परंतु पोटासाठी दूर गेलेला प्रत्येक जण उधळा नसतो, हेही ते प्रामाणिकपणे सांगते.

गीताचे ध्वनिमुद्रण १९७१-७२ च्या सुमारास, कीर्ती लाभण्यापूर्वीच झाले होते. २० ऑक्टोबर १९७७ रोजी दौऱ्यावर असताना वृंदाचे विमान मिसिसिपीत कोसळले व गायक रॉनी व्हॅन झँट मृत्यू पावला. गीत तबकडीवर आले १९७८ साली. त्यामुळे त्यास भविष्यवाणी मानण्याचा मोह होतो, तो आवरावा. मृत्यूने गीताचे कारुण्य वाढविले. त्याची सचोटी मात्र आधीचीच आहे.